पाठमोरा धाकू

एक होता सडा. संगमेश्वरच्या वरच्या अंगाला, मैलभर पसरलेला, काळ्या-तांबड्या कातळाचा. त्या सड्याच्या कडेला, वाडीपासून सुटलेलं एक घर होतं. घरात मथुरा नावाची आई होती, नितेश नावाचा तिचा लेक होता आणि शमिका नावाची सून होती. चौथं माणूस यायचं होतं. याआधी दोनदा यायचं होतं आणि दोनदा सातव्या महिन्यात उंबऱ्यावरूनच परत गेलं होतं. म्हणून तिसऱ्या खेपेला घरात कोणी मोठ्याने हसत नव्हतं, पाळण्याचं नाव काढत नव्हतं, की बाळासाठी टोपडं शिवत नव्हतं. दृष्ट लागते ती आपलीच आधी लागते, असं मथुरा म्हणायची.

नितेश आधी मुंबईला कार्टूनच्या कंपनीत होता. गावी आला तो पोटमाळ्यावर कॉम्प्युटर मांडून बसला. तो विमानं घडवायचा. लोखंडाची नव्हे, पडद्यावरची. दूर देशी अशी माणसं असतात, बरीचशी म्हातारी, एकटी-दुकटी, जी घरातल्या खुर्चीत बसून विमान चालवतात. समोर पडदा, हातात दांडा, पायाखाली पट्ट्या. त्याला सिम्युलेटर म्हणतात. त्यात हल्लीची विमानं आयती मिळतात. पण ज्यांना जुनी, लढाईतली विमानं हवीत, त्यांच्यासाठी नितेशसारखे कारागीर एकेक विमान घडवून देतात आणि ते मूळच्या सिम्युलेटरला वरून जोडायचं. म्हणून त्याला अ‍ॅड-ऑन म्हणायचं. दिसायला खेळ, पण काम सोनाराचं. काट्याची थरथर चुकली, पत्र्याचा एक खिळा कमी पडला, तरी तिकडच्या म्हाताऱ्यांची पत्रं यायची. खिळे मोजणारी माणसं ती.

त्या वर्षी नितेशने ब्रह्मदेशाच्या लढाईतलं एक विमान घेतलं होतं. दोन माणसांचं. पुढे चालवणारा आणि त्याच्या पाठीला पाठ लावून, शेपटाकडे तोंड करून बसणारा बंदूकवाला. सगळं झालं होतं, बंदूकवाल्याचा चेहरा तेवढा राहिला होता.

ज्येष्ठातल्या एका दुपारी शमिकाच्या लोहाच्या गोळ्या आणायला तो संगमेश्वरला गेला. येताना धोंडू गुरवाची रिक्षा मिळाली. हा धोंडू सकाळी देवळात गाऱ्हाणं घालायचा आणि दहाच्या पुढे रिक्षा हाकायचा. तोंडाने फटकळ, पण देवाधर्माचं जाणणारा.

"काय नितेशशेट, इमान झाला काय उडवून?"

"चेहरा राहिलाय एक. मागच्या माणसाचा."

"माजा घाल की! परदेशात जाईन तरी. बायकोला सांगीन, रिक्षा तू चालव, मी चाललो लढाईवर."

"तुमचं पोट मावणार नाही त्या सीटवर, धोंडूकाका."

"मग तुमच्याच घरात नाय काय एक लढाईवरचा? तुज्या आज्याचा थोरला भाव. धाकू."

धोंडू हसत बोलला आणि खड्डा चुकवायच्या नादात विसरूनही गेला. पण नितेशच्या डोक्यात ते शिरलं.

धाकूची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती आणि कोणी सांगत नव्हतं. वीस वर्षांचा पोरगा, विमानदळात ओझी वाहायला म्हणून भरती झाला. नजर घारीसारखी, म्हणून साहेबाने बंदुकीवर बसवला. मग एक दिवस तार आली, बेपत्ता. वाचून दाखवणाऱ्या मास्तराने डोळे पुसले, पण धाकूची आई चिमा रडली नाही. म्हणाली, "बेपत्ता म्हंजी मेला नव्हं." त्या दिवसापासून ती रोज त्याचं ताट वाढून झाकून ठेवायची. त्याचं काही करू दिलं नाही तिने. ना दिवस, ना पिंड. म्हाळाला, म्हणजे भाद्रपदात पितरांची पानं मांडतात तेव्हा, घरातल्या सगळ्या गेलेल्यांचं पान असायचं, धाकूचं नसायचं. चिमा गेली, तरी ती रीत तशीच राहिली. धाकू जिवंतांत नव्हता आणि मेलेल्यांतही नव्हता.

मथुराने ट्रंकेतून फोटो काढून दिला. विमानाच्या चाकावर हात ठेवून उभा असलेला पोरगा. अर्धा चेहरा उन्हात, अर्धा पंखाच्या सावलीत काळा. सोबत एक पत्र होतं, कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. "आये, मी इथे उलटा बसतो. आपण कुठे चाललो ते मला दिसत नाही. कुठून आलो तेवढं दिसतं."

"काय करनार रे फोटोचं?" मथुराने विचारलं.

"आजोबांना बसवतो त्यांच्या जागेवर."

 ट्रंक लावताना मथुराचा हात कडीवर जरा रेंगाळला, एवढंच.

नितेशने जीव ओतला. भुवईवरचा व्रण, कानाची पाळी, मनगटावरचा काळा दोरा. सावलीतली बाजू दिसत नव्हती, ती उन्हातल्या बाजूसारखीच केली. मग छाती वरखाली होऊ लागली. मग मान डावी-उजवीकडे हलू लागली. शमिका ताक घेऊन वर आली आणि पडद्याकडे बघून तिथेच थबकली.

"अहो, हा श्वास घेतोय."

"घ्यायलाच हवा. नाहीतर म्हातारे ओरडतील, पुतळा बसवलाय म्हणून."

तिने ताक ठेवलं आणि पदर पोटावरून ओढून घेतला. पडद्यावर पाठच होती, तरीही.

श्रावणात विमान बाजारात गेलं आणि नितेशचं कधी नव्हे ते नाव झालं. चार हजार घरांत ते उतरलं. लोक म्हणाले, असं काम पाहिलं नाही. मथुराने देवापुढे साखर ठेवली. शमिकाला सहावा लागला होता, बाळ हलत होतं, आणि घरात दोन-चार वेळा चुकून हसूही आलं.

पहिलं पत्र नॉर्वेच्या एका निवृत्त मास्तराचं आलं. लिहिलं होतं, काम उत्तम आहे. एकच शंका. मी उडताना मागे वळून पाहिलं, तर तुमचा बंदूकवाला माझ्याकडे बघत होता. तो वळतो असं तुम्ही माहितीत लिहिलेलं नाही.

नितेशने तपासलं. मान डावी-उजवीकडे एवढीच वळत होती. पुढे तोंड करायची सोयच नव्हती. त्याने उत्तर धाडलं, की तुमच्या कॉम्प्युटरचा दोष असावा.

मग पत्रं वाढली. विमान आपोआप पश्चिमेकडे ओढतं. ब्रह्मदेशावरून सोडलं की समुद्र ओलांडतं, जमीन ओलांडतं, दांडा सरळ धरला तरी ऐकत नाही. इंधन संपेपर्यंत जातं आणि कुठेतरी डोंगराळ किनाऱ्याजवळ पडतं. एकाने पडलेल्या जागेचा नकाशा जोडला होता. नितेशने तो मोठा करून पाहिला. नदी होती, नदीचं वळण होतं, वळणाच्या वर कातळाचा सडा होता.

त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. भर दुपार होती. सड्यावर तेरड्याची फुलं वाऱ्याने हलत होती. बाकी काही हलत नव्हतं.

पोलंडच्या एका बाईने आवाज धाडला. तिने लिहिलं होतं, तुमचा बंदूकवाला विमानाला आग लागली की काहीतरी बोलतो. अंगावर काटा येतो इतकं खरं आहे. कुठली भाषा ती?

नितेशने बंदूकवाल्याला आवाज दिलाच नव्हता.

त्याने कानांना यंत्र लावलं. आधी इंजिनाची घरघर. मग वारा. मग काहीतरी तडतडू लागलं, ओलं लाकूड चुलीत पडल्यावर तडतडतं तसं. आणि त्या तडतडीच्या आतून, अगदी कानाच्या पाळीला टेकून...

"आये... कवाड उघड गो... हात भाजतत..."

त्याने यंत्र काढून टाकलं. तेव्हा त्याला कळलं, की घरघर थांबलेली नाही. ती बाहेरून येत होती. सड्यावरून. तो धावत अंगणात आला. आभाळ धुतल्यासारखं निळं, ढगाचा ठिपका नाही. आणि डोक्यावरून, कौलं थरथरवत, काहीतरी जात होतं. जळक्या तेलाचा वास खाली उतरला.

आतून शमिकाची हाक आली. "अहो... जरा या ना."

ती माजघरात भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही हात पोटावर. "हे घरघरायला लागलं ना, की बाळ गप्प होतं. दगडासारखं. काल पण झालं. परवा पण."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही त्या विमानाने इतके खूष होतात..."

दुसऱ्या दिवशी दोघं चिपळूणला डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी ठोके ऐकले, पुन्हा ऐकले. म्हणाल्या, ठोके मंद आहेत. सातवा लागतोय, आधीचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. पडून राहायचं आणि रोज हालचाल मोजायची. दिवसातून दहा वेळा तरी बाळ हललं पाहिजे. दहाच्या खाली आलं तर मला कळवायचं, पाचाच्या खाली आलं तर कळवत बसायचं नाही, निघायचं.

घरी येऊन मथुराने चिंचोके घेतले. बाळ हललं की एक चिंचोका वाटीत. पहिल्या दिवशी अकरा पडले. दुसऱ्या दिवशी नऊ. बाईंना कळवलं, त्या म्हणाल्या, मोजत राहा. रविवारी तिकडच्या देशांत सुट्टी असते, सगळे म्हातारे खुर्चीत बसून उडत असतात. रविवारी सकाळपासून सड्यावर घरघर होती. त्या दिवशी वाटीत सहा चिंचोके पडले.

नितेशला हिशेब समजायला वेळ लागला नाही. चार हजार घरांत धाकू रोज उडत होता, रोज जळत होता, रोज पडत होता. आणि तो जितका पडायचा तितके इथे चिंचोके कमी होत होते. त्याने विक्री बंद केली, पण विकलेली विमानं थोडीच परत येणार? मग त्याने एक सुधारणा धाडली. सुधारणा म्हणजे असं, की कारागिराने आपल्या घरी बदल केला की तो सगळ्यांच्या घरच्या विमानात आपोआप पोचतो. त्याने मागची सीट रिकामी केली. धाकूला पुसून टाकलं.

त्या संध्याकाळी सडा मुका झाला. रात्री शमिका झोपली. नॉर्वेच्या मास्तराचं पत्र आलं, की आता सीट रिकामी आहे, आभार. त्याखाली त्याने एवढंच विचारलं होतं, तो गेला कुठे?

सकाळी मथुरा दार उघडून बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. आदल्या संध्याकाळी तिने अंगण सारवलं होतं. ओल्या सारवणात बुटांचे ठसे उमटले होते. जाड टाचेचे. उंबऱ्यापासून निघून अंगण ओलांडून सड्याकडे.

"कोन तरी घरातनं गेलाय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "रातचा कोन व्हता घरात?"

नितेश खाली बसला. ठशांच्या टाचा उंबऱ्याकडे होत्या, चवडे सड्याकडे. पण प्रत्येक ठशात टाच उथळ होती आणि चवडा खोल. मागे मागे चालणारा माणूस आधी चवडा टेकतो, तसे. शेवटचे दोन उंबऱ्याला टेकलेले होते आणि त्यांत काळी काजळी होती.

"कोणी गेलं नाही, आई," तो म्हणाला. "आलंय. उलटं चालत आलंय."

तो तडक देवळात गेला. धोंडू गुरव रिक्षा पुसत होता. नितेशने सगळं सांगितलं. धोंडूने थट्टा केली नाही. फडकं खांद्यावर टाकलं आणि देवळाच्या पायरीवर बसला.

"माणूस लांब मेला, मढं मिळालं नाय, तर काय करतत ठावूक हाय तुला?"

"दर्भाचा पुतळा करतात."

"करतत. मंत्र म्हनून त्यात त्याला बोलवतत. आनि मग?"

नितेश त्याच्या शेजारी पायरीवर बसला.

"मग जाळतत, बाबू! बोलवलेल्याला वाट दावावी लागते. तू काय केलंस? पुतळा केलास, भुवईचा वन पन सोडला नायस. श्वास घातलास. बोलवलास त्याला ऐंशी वर्सांनी. आनि जाळायचा सोडून परत त्याच इमानात बसवून लढाईवर धाडलास. एकदा मेला व्हता बिचारा, तू त्याला हजारदा मारलास. आनि आता म्हनतंस पुसून टाकला. इमानातनं उतरवलेला मानूस कुटं जाईल? घराकडंच येनार ना?"

"मग आता?"

"परवा सर्वपित्री अमावास्या. संगमावर इधी करू. भटजींना मी सांगतंय. पन एक ऐक. मेलेल्याला आधी सांगावा लागतो की तू मेलास. त्याला कोनी सांगितलेलंच नाय. त्याच्या आवशीनं, चिमानं, सांगू दिलं नाय."

नितेश घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. मथुरा तुळशीपाशी निरांजन घेऊन उभी होती, पण लावत नव्हती. तिने ओठांवर बोट ठेवून माजघराकडे खूण केली.

माजघरात अंधार साचला होता. शमिका खाटेवर कुशीवर होती. खाटेपाशी नेहमीचं लाकडी स्टूल होतं. त्या स्टुलावर कोणीतरी बसलं होतं. भिंतीकडे तोंड करून. पाठ रुंद, खांदे पुढे आलेले. छाती वरखाली होत होती, नितेशने जशी करून दिली होती तश्शी. जळक्या तेलाच्या वासाने डोळे चुरचुरत होते.

शमिकाचे ओठ फक्त हलले. "मघापासून बसलाय... काही करत नाही... आज तीनच झाले... बाळ हलत नाही हो..."

नितेश दोन पावलं आत आला. ज्याची कानाची पाळी आपण दोन दिवस खपून घडवली, त्याच्या पाठीमागे उभं राहून काय बोलायचं?

मग मथुरा आत आली. पासष्ट वर्षांची बाई ती, पण तिने डोईवरून पदर पुढे ओढला, नवी सून ओढते तसा. तो वीस वर्षांचा पोर होता, तरी तिच्या सासऱ्याचा थोरला भाऊ होता. त्याचं नाव तिने घेतलं नाही.

"थोरले मामंजी," ती म्हणाली. "मी मथुरा. तुमच्या धाकट्या भावाची सून."

छातीची हालचाल थांबली.

"आये..." आवाज भिंतीतून आल्यासारखा होता. "आये कुटं हाय?"

"त्या गेल्या, मामंजी. लई वर्सं झाली. तुमचं ताट झाकून ठेवून गेल्या." मथुराने हात जोडले. "तुमी पन गेलाव. लढाईतच गेलाव. कोनी सांगितलं नाय तुमाला. आमची चूक झाली. पदरात घ्या... पन ही पोर वाचवा."

मान वळू लागली. हळू, अगदी हळू, गंजलेली बिजागरी फिरते तशी. आधी कान दिसला. ही सावलीतली बाजू होती, फोटोत न दिसलेली. नितेशने ती उन्हातल्या बाजूसारखी केली होती. ती तशी नव्हती. कानाच्या पुढे जे होतं, ते बघायच्या आत मथुराने झटकन पुढे होऊन शमिकाच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि स्वतःही तोंड फिरवलं.

"नका, मामंजी. गरोदर बाई हाय. तिला तोंड दावू नका."

मान थांबली. तिथेच, अर्ध्यावर. मग तेवढ्याच हळू परत भिंतीकडे गेली.

शमिकाने श्वास सोडला. "हललं," ती म्हणाली. "एकदाच... पण हललं."

मथुरा खाली बसली. स्टूल आणि खाट यांच्या मध्ये, त्याच्या पाठीला पाठ लावून. म्हणाली, "नितेश, तुला काय करायचंय ते कर. मी हितनं उठत नाय. आनि हिला कुटं हलवू नको, वाटेत मधी कोन बसंल?"

दोन दिवस ती तशी बसली. पेज शमिका भरवायची, एक घोट आपण, एक घोट सासूला. स्टुलाकडे दोघी बघत नव्हत्या.

वर नितेश काम करत होता. धाकूला न्यायचं तर त्याचं विमान हवं, आणि उतरवायचं तर उतरायला जागा हवी. त्याने पडद्यावर आपला सडा उठवला. कातळ, तेरडा, घराची कौलं, अंगणातली तुळस. सड्यावर एक सपाट पट्टी काढली. मग विमानातून बंदुका काढल्या, बॉम्ब काढले आणि मागच्या सीटवर धाकूला पुन्हा बसवला. चेहऱ्याची सावलीतली बाजू त्याने घडवली नाही, काळीच ठेवली. ही सुधारणा धाडून त्याने चार हजार जणांना पत्र लिहिलं. माझं एक मागणं आहे. अमावास्येला आमच्याकडे दुपारचे बारा वाजतील, तेव्हा तुमच्याकडे जी काही वेळ असेल त्या वेळी, हे विमान या पट्टीवर उतरवा. इंजिन बंद करा. मागचं काचेचं झाकण उघडा. मागे वळून बघू नका. यानंतर हे विमान कधीच उडवू नका. कारण विचारू नका.

खिळे मोजणारी माणसं ती, पण जुन्या गोष्टींचा मान राखणारी. तीनशेच्या वर लोकांनी एका शब्दाने कळवलं, येतो.

अमावास्येला बारा वाजता संगमावर दर्भाचा पुतळा निजवला. डोक्याच्या जागी नारळ. ज्या डबीत धाकूचा घडवलेला चेहरा साठवला होता, ती कॉम्प्युटरची डबी नितेशने पुतळ्याच्या छातीवर ठेवली. भटजींनी धोंडूकडे पाहिलं. धोंडू म्हणाला, "असू द्या. पुतळाच हाय तो पन." नितेशने अग्नी दिला. दर्भ भुर्रकन पेटला, डबी मात्र बराच वेळ जळत नव्हती. मग ती तडतडली. ओलं लाकूड तडतडतं तशी. आणि त्याच्या खिशातला फोन थरथरू लागला, तो थांबेचना.

घरी काय झालं ते शमिकाने सांगितलं. बाराच्या ठोक्याला सड्यावर आवाज आला. एका विमानाचा नव्हे, कितीतरी विमानांचा, थव्यासारखा. कौलं वाजली, देव्हाऱ्यातली घंटा आपोआप किणकिणली. मग एकेक इंजिन बंद होत गेलं. शेवटचं बंद झालं आणि असा शुकशुकाट पडला, की वाटीतला चिंचोका घरंगळलेला ऐकू आला. तिने धीर करून पाहिलं. स्टूल रिकामं होतं. बाळ हललं. पुन्हा हललं. मथुराने पंधरापर्यंत मोजले आणि मग मोजणं सोडून ती तिथेच आडवी झाली. तिच्या पाठीवरची कातडी पापडासारखी सुटून आली होती. ती आठ दिवस पालथीच निजली, पण कण्हली नाही.

फोनवरची पत्रं बहुतेक सारखीच होती. उतरलो. झाकण उघडलं. पट्टीवर पावलं वाजली, घराच्या दिशेने नव्हे, नदीच्या. नॉर्वेच्या मास्तराने लिहिलं होतं, मी वळून बघितलं नाही. पण मला वाटतं त्यानेही बघितलं नाही. या वेळी तो सरळ चालत होता.

मार्गशीर्षात चिपळूणला शमिकाची सुटका झाली. मुलगी. सात पौंडांची, खणखणीत आवाजाची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिने तर दवाखाना डोक्यावर घेतला. धोंडू गुरवाने रिक्षाला झेंडूच्या माळा बांधून बाळबाळंतिणीला घरी आणलं आणि वाटेत भेटेल त्याला सांगितलं, की आमची सानवी आली. मथुराने टोपडी शिवली, एक सोडून सहा. नितेशला आता दुसरं काम मिळालं होतं, पाण्यावर उतरणाऱ्या टपालाच्या विमानांचं. ज्या घरात दोन वर्षं कोणी मोठ्याने हसलं नव्हतं, तिथे हसण्याने कौलं हलू लागली.

वर्ष फिरलं. सर्वपित्री आली. पहिल्यांदाच त्या घरात धाकूचं पान मांडलं गेलं. वरण, भात, वडे, खीर, भोपळ्याची भाजी. मथुराने नाव घ्यायला नितेशला सांगितलं. त्याने नाव घेऊन पान बाहेर ठेवलं, आणि पाणी सोडायच्या आतच कावळा बसला. कधी कधी तास तास वाट बघावी लागते. मथुराने डोळे पुसले. "सुटला," ती म्हणाली.

सानवी दहा महिन्यांची होती, नुकती रांगायला लागली होती. ती रांगत अंगणात आली. तिच्या मुठीत तिच्या वाटीतला भात होता. ती धाकूच्या पानाशी थांबली नाही. त्याच्या मागच्या अंगाला गेली. पानावर बसणाऱ्याने अंगणाकडे तोंड केलं, तर बरोबर त्याच्या पाठीला पाठ लागेल अशा जागी. तिथे कोणाचंच पान नव्हतं. कोरडी जमीन होती. तिने मूठ उघडली, भात जमिनीवर ठेवला आणि वर बघून, माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर बघून, खुदकन हसली.

कावळा धाकूच्या पानावरून उठला, दोन पावलं चालला आणि तो भातही त्याने उचलला.

नितेशने लेकीला कडेवर घेतलं. ते विमान दोन माणसांचं होतं. धाकूच्या पाठीला पाठ लावून ते चालवणाऱ्याचं नाव त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं.